दोन बेस, पण कुठून?

पावसाळ्यात पवनानगरला सॉफ्टबॉलचा पंच म्हणून उभं राहायचं, तर नियमपुस्तकाआधी बांध बघून घ्यावा. सामन्यापूर्वी दोन्ही प्रशिक्षकांना घेऊन मैदानाला फेरी मारायची आणि हद्दी ठरवायच्या, अशी रीतच आहे. इथे तीन बाजूंना फक्की आणि चौथीला भातखाचर. मावळच्या पावसात फक्की पहिल्या इनिंगपुरतीच. पुढे हद्द फक्त इंद्रायणीच्या रोपांना ठाऊक.

नियम तसा सरळ आहे. पिचरचा चेंडू हद्दीबाहेर सुटला तर रनरला एक बेस. क्षेत्ररक्षकाची फेक बाहेर गेली तर दोन. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला वाटतं, चौकाराचंच धाकटं भावंड! पण खरी मेख पुढे आहे: दोन, पण कुठून? चेंडू बाहेर पडला तेव्हा रनर कुठे होता, याला काडीची किंमत नाही. फेक हातातून सुटली त्या क्षणी त्यानं कुठला बेस गाठला होता, तिथून मोजायचं. म्हणजे सगळं गाव चेंडूकडे बघत असताना पंचानं बघायचं पोराच्या बुटांकडे.

त्या दिवशी शॉर्टस्टॉपची फेक बेसमनच्या डोक्यावरून गेली आणि घरंगळत खाचरात बुडाली. फेक सुटली तेव्हा बॅटर पहिल्या बेसच्याही अलीकडे होता. मी त्याला दुसरा बेस दिला. तो तोवर तिसऱ्याच्या वाटेला लागलेला. त्याला मागे बोलावलं आणि बांधावरचं पब्लिक उसळलं.

"ओ सर, बॉल चिखलात पडला तवा पोरगं दुसऱ्याच्या पुढं होतं की!"

त्यांना समजावतोय तोच पुढच्या चेंडूवर आउटफिल्डरनं सुरेख झेल घेतला आणि तोल जाऊन चेंडूसकट खाचरात उतरला. बॅटर आउट, पण चेंडू हद्दीबाहेर नेला म्हणून रनरला एक बेस. मुद्दाम नेला असता तर दोन.

"मुद्दाम कशाला पडंल?" एक माउली कडाडल्या. "कपडे मला धुवायचेत!"

याहून भक्कम पुरावा माझ्या कारकिर्दीत कुणी दिलेला नाही. एकच बेस दिला.

इतका वेळ गप्प बसलेल्या एका आबांनी मग मला जवळ बोलावलं. पवना धरणात जमीन गेलेल्यांपैकी ते एक. पन्नास वर्षं उलटली, तरी त्यातल्या कित्येकांना बदली जमिनीची वाट बघावी लागतेय.

"म्हंजी तुमच्यात निकाल जागच्या जागी लागतो?"

"हो आबा."

"अन् मोजायचं, वस्तू हातातून सुटली तवापासून?"

"बरोबर."

"मग आमची जमीन हातातून सुटली तवा आम्ही घरातच होतो. आमाला किती बेस?"

नियमपुस्तक खिशात होतं. ते काढायचा धीर झाला नाही. मी घाईघाईनं "प्ले बॉल" पुकारलं. तेवढ्यात कॅचर म्हणाला, "सर, बॉल कुठाय?"