आवाज बंद, चर्चा चालू

बंगळूरच्या चिकपेटमधल्या साड्यांच्या दुकानांत टीव्ही असतो आणि बहुतेक वेळा त्याचा आवाज बंद असतो. गादीवर पाच गिऱ्हाइकं पाच भाषांत घासाघीस करत असताना सहाव्या आवाजाला जागा कुठली? निवडणुकीच्या दिवसांत या मुक्या टीव्हीवर कानडी वाहिनीची चर्चा रंगलेली असते. आठ चौकटी, आठ उघडी तोंडं, आणि मधल्या चौकटीत बोट रोखून बसलेला सूत्रसंचालक. बायका जरीचा काठ उलटून बघतात, बरोबर आलेले पुरुष टीव्ही बघतात. लग्नाच्या बस्त्यात पुरुषांना पैसे देण्याखेरीज तेवढंच काम असतं.

मी पाहुण्यांना ज्या दुकानात घेऊन जाते, तिथला अण्णा साड्यांच्या घड्या घालता घालता या चर्चेचा निकाल लावतो. “निळा शर्ट हरला.” का हो? “दोनदा पाणी प्यायला. दुसऱ्यांदा ग्लासात पाणीच नव्हतं.”

अण्णाचा या विषयातला अधिकार मोठा आहे. केंपेगौडानं १५३७ मध्ये ही पेठ वसवली, पुढं शंभर वर्षांनी बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, आणि तेव्हापासून इथं कानडी, तमिळ, तेलुगू, मराठी एकमेकींच्या अंगावरून जात आहेत. पुढं मारवाडीही आली. इतक्या भाषांत धंदा करायचा तर गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर विसंबून चालत नाही. “कित्ती सुंदर आहे हो” असं म्हणणारी बाई साडी घेत नाही, हा अण्णाचा सिद्धान्त. नाक मुरडून बाजूला सारलेल्या साडीच्या पदराकडे जिचं बोट पुन्हा जातं, ती घेते. भाव तुटला नाही म्हणून “चला गं” करत बायका उठल्या की तो त्यांच्या चेहऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही, पायांकडे बघतो. दोन्ही चपला पायांत गेल्या तर दोनशे रुपये उतरतात. एकच चप्पल गेली असेल तर तो निवांत पुढची घडी घालायला घेतो.

बोलणं आणि चेहरा दोन्ही दगा देतात, हे ओळखून जुन्या व्यापाऱ्यांनी दोन्ही वगळायची सोय केली होती. गुरांच्या बाजारात दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवत. वर दोघांची तोंडं अशी की जणू पावसापाण्याच्या गप्पा चालल्यात. शेतमालाच्या बाजारातही हीच हत्ता पद्धत होती. ज्याचा माल त्या शेतकऱ्यालाच भाव कळेना, म्हणून बाजार समित्यांनी तिला मनाई केली. राजकारणातल्या उपरण्याखालच्या हातांना अजून कुणी मनाई केलेली नाही. आपल्या वाट्याला वरची तोंडं तेवढी येतात, तीही आठ चौकटींत.

मुक्या चर्चेचा जागतिक विक्रम मात्र चिकपेटचा नाही, अमेरिकेचा आहे. २३ सप्टेंबर १९७६. फिलाडेल्फियाच्या एका नाट्यगृहात जेराल्ड फोर्ड आणि जिमी कार्टर यांची जाहीर चर्चा रंगात आली असताना ध्वनियंत्रणा बिघडली आणि सत्तावीस मिनिटं आवाज गेला. कोट्यवधी लोक बघताहेत, एक अध्यक्ष आणि एक होऊ घातलेला अध्यक्ष आपापल्या स्टँडपाशी पुतळ्यासारखे उभे. एकमेकांशी चकार शब्द नाही. दोन माणसांची अशी वेळ आपल्याकडे आली असती तर पहिल्या पाच मिनिटांत “काय, घरी सगळं ठीक?” झालंच असतं. अण्णाला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यानं एकच विचारलं, “त्यातला कोण आधी हलला?”

याच अमेरिकेत १९६० मध्ये केनेडी आणि निक्सन समोरासमोर आले, त्याची गोष्ट भाषणकलेच्या प्रत्येक शिबिरात सांगतात. निक्सन नुकताच इस्पितळातून उठलेला, वजन उतरलेलं, करडा सूट मागच्या पडद्यात मिसळून गेलेला, हनुवटीवर घाम. शेजारी केनेडी उन्हात रापलेला, गडद सुटात. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकलासा वाटला, टीव्हीवाल्यांना केनेडी, असं म्हणतात. गोष्ट इतकी सुबक आहे की मला संशय येतो, आणि संशयाला जागाही आहे, कारण रेडिओवाल्यांचा तो कौल एका लहानशा पाहणीवर उभा आहे. पण घामाची गोष्ट आकड्यांपेक्षा जास्त टिकते.

शिबिरातली दुसरी लाडकी गोष्ट ९३ टक्क्यांची. संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८, चेहऱ्याचा ५५. हे आकडे अल्बर्ट मेहरेबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या प्रयोगांतून आले. प्रयोग एवढाच होता की सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही ते ओळखायला सांगितलं. अर्थसंकल्पावरच्या भाषणाला हे लागू नाही, असं खुद्द मेहरेबियननं सांगून ठेवलंय. शिबिरवाल्यांनी ते ऐकलं नाही; शब्दच ते, ७ टक्क्यांत गेले. शब्दांचं मोल खरंच इतकं हलकं असतं तर बंगळुरात येऊन मी कानडीशी झटापट कशाला केली असती?

शिवाय चेहरा वाचायचा तो कुणी, हाही प्रश्न आहेच. कोल्हापूरच्या आमच्या आत्या बस्त्याला आल्या होत्या. टीव्हीवर कुणीतरी कुणावर बोट रोखून काहीतरी विचारत होतं आणि ज्याला विचारलं तो मान डावी-उजवीकडे डोलवत होता. आत्या म्हणाल्या, “बघ, नाही नाही म्हणतोय लबाड.” शेजारच्या म्हैसूरकर बाईंच्या मते त्यानं आरोप कबूल केला होता. अण्णानं घडीवरून हात फिरवत दोघींना थांबवलं. “ऐसा नहीं अम्मा, वो सिर्फ सुन रहा है.” मग आत्यांनी साडीचा रंग जाईल का म्हणून विचारलं, आणि अण्णानं मान अगदी तशीच डोलवली. साडी घेतली. रंगाचं अजून कळायचंय.

आपल्याकडे मोठे नेते समोरासमोर उभे राहून वाद घालत नाहीत. तशी रीतच नाही. तरीही देहबोलीचे सामने होतात, लांबून. २०१८ मध्ये लोकसभेत राहुल गांधींनी पंतप्रधानांना मिठी मारली आणि जागेवर येऊन डोळा मारला. त्या दिवशी अविश्वास ठरावावर बारा तास भाषणं झाली होती, लक्षात राहिला डोळा. २०२२ मध्ये राजस्थानात अबू रोडला पोचायला रात्रीचे दहा वाजून गेले, तेव्हा नियमाला धरून मोदींनी ध्वनिक्षेपक वापरला नाही, व्यासपीठावर गुडघे टेकून नमस्कार केला. भाषण झालं असतं तर बातमी आतल्या पानावर गेली असती.

पण आमच्या इथल्या मराठी माणसांच्या तोंडी असलेला सामना साताऱ्याचा. नगरथपेठेत सोनं गाळणारी गलाईवाली मंडळी सांगली-साताऱ्याकडची. पोट बंगळुरात, कान गावाकडे. २०१९ ची लोकसभा पोटनिवडणूक. एका बाजूला उदयनराजे आणि त्यांची ती कॉलर उडवायची लकब, जिला शब्दांची कधी गरज पडली नाही. दुसऱ्या बाजूला १८ ऑक्टोबरच्या सभेत धो धो पावसात भिजत बोलणारे शरद पवार, वय ७८. व्हिडिओ चिकपेटच्या गल्ल्यांत फोनोफोनी फिरला. पवारांच्या पक्षाचे श्रीनिवास पाटील निवडून आले. पावसानं निवडून आणलं असं मी म्हणणार नाही, साताऱ्याचं राजकारण इतकं भाबडं नाही. मात्र पवार त्या सभेत काय बोलले ते गलाईवाल्यांना विचारलं, तर निम्मे जण डोक्यावरून पाणी ओघळल्याची खूण करून दाखवतात.

चिकपेटमध्ये प्रचार करायचा तर भिजायचीही सोय नाही. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की पाऊस पडला तरी निम्मा पागोळ्यांवरच अडतो. उमेदवार उघड्या जीपमध्ये उभा राहतो. हॉर्न, हातगाडीवाल्यांची ‘सैड, सैड’ आणि ध्वनिक्षेपक यांच्या काल्यात त्याचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. दिसतात ते जोडलेले हात. वर केबलच्या नि विजेच्या तारांचे झुबके डोक्याच्या उंचीवर लोंबत असतात, त्यामुळे पक्ष कुठलाही असो, दर दहा पावलांवर उमेदवाराला कमरेत वाकावंच लागतं. मागच्या निवडणुकीत वरच्या मजल्यावरच्या एक आजी गॅलरीत उभ्या राहून तिन्ही पक्षांच्या जीपा बघत होत्या. त्यांनी मत कुणाला दिलं ते सांगितलं नाही, कारण मात्र सांगितलं. “बाकीचे वाकले गं, पण हा जास्त वाकला.” तो सहा फुटी होता.