सुनावणी-अधिकाऱ्यांस एका हरकतदाराचे जाहीर आभारपत्र

प्रति,
मा. सुनावणी अधिकारी,
नगररचना विभाग.

विषय : शेती विभागातील जमीन निवासी विभागात घालण्याच्या प्रस्तावावर झालेल्या सुनावणीबद्दल कृतज्ञता व्यक्त करण्याबाबत.

महोदय,

सरकारी दफ्तरात येणाऱ्या टपालात गाऱ्हाण्यांचाच भरणा असतो, आणि कृतज्ञतेचे पत्र आलेच तर ते एखाद्या निवृत्तिवेतनधारकाचे, तेही अडलेले वेतन सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशीचे असते, हा शिरस्ता मला ठाऊक आहे. परंतु परवा आपण ज्या सौजन्याने आणि विशेषतः ज्या वेगाने माझी हरकत निकालात काढलीत, ते पाहता आपले आभार खासगीत मानणे हा कृतघ्नपणा ठरेल, म्हणून हे पत्र जाहीर लिहीत आहे.

प्रकरण आपणांस ज्ञात आहे, इतरांसाठी सांगतो. आमच्या शहराच्या वेशीवर, ओढा नदीस मिळतो तेथील जमीन विकास योजनेत शेती विभागात आहे. ती निवासी विभागात घ्यावी, म्हणजे तेथे बहुमजली गृहसंकुल उभारण्यास वाट मोकळी होईल, असा प्रस्ताव निघाला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ३७ अन्वये अशा फेरबदलाची सूचना राजपत्रात व स्थानिक वृत्तपत्रांत द्यावी लागते, एक महिन्याच्या मुदतीत हरकती व सूचना मागवाव्या लागतात, हरकतदारांस सुनावणी द्यावी लागते आणि त्यानंतर प्रस्ताव मंजुरीसाठी राज्य शासनाकडे जातो. यांतील एकाही पायरीत आपण कसूर केली नाही. सूचना वृत्तपत्रात आली. शाळा सोडल्याचे हरवलेले दाखले, बदललेली नावे आणि गहाळ झालेली खरेदीखते यांच्या मधोमध आली. तीत गट क्रमांक होते, हिस्से होते, चतुःसीमा होत्या. तेथे इमारती होणार आहेत एवढेच काय ते राहून गेले होते. प्रस्तावाचा नकाशा कार्यालयीन वेळेत पाहावयास ठेवला आहे, असेही त्यात म्हटले होते. ज्यांना त्या वेळेत स्वतःच्या कामावर हजर राहावे लागत नाही अशा नागरिकांनी, म्हणजे मुख्यतः निवृत्तांनी व बेकारांनी, नगराच्या भवितव्याचे अवलोकन करावे, ही तजवीज मला फार दूरदर्शी वाटली.

सुनावणीच्या दिवशी आपण सर्व हरकतदारांस एकाच वेळी, सकाळी अकरा वाजता, बोलावले होते, त्यामुळे शेजाऱ्यांचा जो परिचय वर्षानुवर्षे राहून गेला होता तो आपल्या व्हरांड्यात दुपारपर्यंत घडून आला. माझा पुकारा झाला तेव्हा आपल्यापुढे एक लांबलचक तक्ता होता, आणि त्यात अनुक्रमांक, हरकतदाराचे नाव, हरकतीचा सारांश व शेरा असे रकाने होते. माझी हरकत दोन पानांची होती; ओढ्याच्या पात्राची पुलापाशी मोजलेली रुंदी, पावसाळ्यात पाणी घाटाच्या कितव्या पायरीस लागते त्याचा तपशील, आणि नकाशात १८ मीटरचा म्हणून दाखविलेला रस्ता जागेवर एका पिंपळापाशी येऊन दोन रिक्षांना एकमेकींची वाट पाहण्यास कसा लावतो त्याचे वर्णन, असा सगळा ऐवज तीत होता. सारांशाच्या रकान्यात आपल्या लिपिकांनी लिहिले होते : ‘विकासास विरोध’. अर्धी मात्रा वाचली तरी पुत्रजन्माचा आनंद मानणारे प्राचीन वैयाकरण आज हयात असते, तर त्यांनी या गृहस्थांस गुरुस्थानी मानले असते. शेऱ्याच्या रकान्यात ‘नोंद घेतली’ हे शब्द मी बोलावयास उभा राहण्यापूर्वीच उमटलेले होते. माणसाच्या मुखातून शब्द बाहेर पडण्याआधीच त्याची नोंद घेणारे प्रशासन याहून अधिक लोकाभिमुख कसे व्हावे, हे मला सुचत नाही.

तरीही मी बोललो, आणि आपण घड्याळाकडे पाहत का होईना, बोलू दिलेत. मी पूररेषांचा मुद्दा काढला. नदीच्या नकाशावर जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो : निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि तांबडी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. यावर, इमारतीचा नकाशा मंजूर करतेवेळी संबंधित विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र घेतले जाईल, असे आपण मला आश्वासिलेत, आणि माझी काळजी तत्क्षणी दूर झाली. कारण ओढे कागद मानतात, असाच आपल्या नगररचनेचा आजवरचा विश्वास आहे. पुण्यातील आंबिल ओढा तेवढा अपवाद. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो भिंती पाडून घरांत शिरला आणि माणसे वाहून गेली. ज्याला कोणी नदीदेखील म्हणत नव्हते अशा त्या प्रवाहाने आपले जुने पात्र कोणत्याही कार्यालयास न विचारता एका रात्रीत मोजून घेतले.

माझा दुसरा मुद्दा फेरबदलाच्या आकाराविषयी होता. कलम ३७ खालचा फेरबदल विकास योजनेचे मूळ स्वरूप बदलणारा नसावा, अशी कायद्याची अट आहे. ती अट आपण पाळता, हे मी शपथेवर सांगेन. गेल्या वर्षी ओढ्याच्या अलीकडची जमीन निवासी झाली, त्याने योजनेचे स्वरूप बदलले नाही; यंदा पलीकडची होत आहे, तिनेही बदलणार नाही; मधल्या मळ्याची पाळी येईल तेव्हा दोहों बाजूंस इमारती असल्यामुळे तेथे शेती ठेवण्यात अर्थ उरणार नाही, आणि मग ती जमीन निवासी करणे हा फेरबदल नव्हे, निव्वळ दुरुस्ती ठरेल. शेजारच्या क्रीडांगणाच्या आरक्षणाचेही असेच आहे. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि पुढील चोवीस महिन्यांत भूसंपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. क्रीडांगण रद्द करण्याचा हुकूम कोणीही काढावा लागत नाही. काहीही न करणे एवढे एकच काम बारा वर्षे निष्ठेने केले म्हणजे पुरे.

पाण्याविषयी मी विचारणार होतो, परंतु महानगरपालिकेचे पाणी मिळेपर्यंत रहिवाशांच्या पाण्याची सोय आपण करू, असे विकासकाचे हमीपत्र नस्तीस जोडलेले आहे, हे कळल्यावर गप्प बसलो. हमीपत्र मुद्रांकित आहे. टँकर मुद्रांकावर चालत नाहीत, हा दोष टँकरांचा.

यानंतर आपण जे वाक्य उच्चारलेत त्याबद्दल मी आपला सर्वाधिक ऋणी आहे. आपण म्हणालात, ‘ही तर केवळ विभागबदलाची सुनावणी आहे, प्रत्यक्ष प्रकल्प येईल तेव्हा बोला.’ घरी येऊन मी कायदे चाळले, तेव्हा या वाक्याची खोली ध्यानात आली. जमीन एकदा निवासी झाली की बांधकामपरवानगीचा व्यवहार विकासक व आपले कार्यालय या दोघांतला. तीत शेजाऱ्यास बोलावण्याचा शिरस्ता नाही. वीस हजार चौरस मीटर वा त्याहून अधिक बांधकाम असल्यास पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी लागते हे खरे, परंतु १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेने इमारती व वसाहतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिलेली आहे. कारखान्यासाठी गावकऱ्यांचे म्हणणे ऐकावे लागते; हजारो माणसे राहावयास येणार, त्यांचे सांडपाणी कोठे जाणार व वाहने कोठून जाणार, हे मात्र ज्यांच्या दारावरून जाणार त्यांस विचारण्याचे कारण नाही. म्हणजे आपण ज्या पुढच्या दाराकडे बोट दाखविलेत ते भिंतीवर रंगविलेले आहे, आणि खरे दार आपल्या टेबलापुढचे ते पाच मिनिटांचे.

आपणांस न्याय द्यावयाचा तर आम्हां हरकतदारांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. आमच्या इमारती उभ्या राहिल्या तो विकास आणि पुढच्या उभ्या राहतात ते आक्रमण, असे मानणारे पुष्कळ होते. ऊन अडेल, दृश्य जाईल, परका वर्ग येईल, याही हरकती मी त्या व्हरांड्यात ऐकल्या. घरे हवीतच, आमच्या घरांत धुणीभांडी करून रात्री दोन बसगाड्या बदलून परतणाऱ्या बाईस तर सर्वांआधी हवीत. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत चार हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांच्या प्रकल्पांत मूळ चटईक्षेत्राच्या वीस टक्के भाग दुर्बल व अल्प उत्पन्न गटांच्या लहान घरांसाठी ठेवावा, असा नियम आहे. ती घरे या प्रस्तावात कोठे आहेत, असे एका शिक्षिकेने विचारले होते. तिच्याही नावापुढे ‘विकासास विरोध’ असेच लिहिलेले मी पाहिले.

हरकतींचे असे काय होते, याचा मोठा दाखला पुण्याचा आहे. २००७ ते २०२७ या वीस वर्षांसाठीच्या तेथील विकास आराखड्याचा मसुदा २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यावर ८७ हजारांच्या आसपास हरकती व सूचना आल्या, २०१५ साली शासनाने आराखडा आपल्या हाती घेतला आणि मंजुरी मिळाली ती २०१७ च्या जानेवारीत. वीस वर्षांच्या योजनेतील दहा वर्षे ती मंजूर करण्यात गेली, आणि आपल्या अर्जाचे काय झाले, का झाले, हे त्या हजारोंपैकी बहुतेकांना टपालाने कधी कळले नाही.

आता, महोदय, उपरोध बाजूस ठेवून एक मागणे मागतो. निर्णय माझ्या बाजूने लागावा, असा माझा हट्ट नाही. घरांची गरज ओढ्याच्या भीतीहून मोठी आहे, असा आपला अभिप्राय असेल तर तो तसा लिहा, कारणांसह लिहा, आणि खाली सही करा. प्रत्येक हरकतीस मुद्देनिहाय लेखी उत्तर द्यावे; प्रस्ताव शासनाकडे जाण्यापूर्वी ते हरकतदारास पोहोचवावे; आणि हरकतीची मूळ पाने, सारांशाचा तक्ता नव्हे, नस्तीसोबत वर पाठवावीत. पुढे कधी पाणी चढले, तर ते चढेल असे कोणी सांगितले होते आणि कोणी ते कोणत्या कारणाने बाजूस सारले, हे त्या कागदावरून कळेल. उत्तर देण्याची सक्ती नसलेली सुनावणी ही हजेरी होय; आणि ती घेण्यासाठी अधिकाऱ्याची गरज नाही, शिपाई पुरेसा आहे.

कळावे,

आपला नम्र,
तक्त्यातील एक अनुक्रमांक

ता. क. : शहरवासीयांस सूचना. वृत्तपत्रातील जाहीर नोटिसा वाचत जा. हरकत मुदतीच्या आत, दोन प्रतींत द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेसह पोहोच घ्या, आणि अर्जाच्या शेवटी ‘लेखी उत्तर मिळावे’ हे वाक्य न विसरता लिहा.