खराडीत रस्ता ओलांडण्याची शास्त्रोक्त पद्धत

सदर मार्गदर्शन खराडीत नव्याने दाखल झालेल्या दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, इऑन आयटी पार्क किंवा वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये नोकरीला लागलेले. दोन, आसपासच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश घेतलेले. दोघांच्याही गळ्यात पट्टा असतो, दोघांनाही सकाळी नऊची घाई असते आणि दोघांचाही समज असतो की आपण कॅम्पसमध्ये आलो. कॅम्पस फाटकाच्या आत आहे. फाटकाबाहेर खराडी आहे. हे गाव १९९७ साली पुणे महापालिकेत आले. मग टॉवर आले, मग माणसे आली, मग त्यांच्या गाड्या आल्या. पदपथ अजून वाटेत आहेत.

प्रथम फाटकाचे महत्त्व ध्यानात घ्यावे. आत ताशी २० किलोमीटरची पाटी असते, झेब्र्याचे पट्टे नव्या सदऱ्यासारखे पांढरेशुभ्र असतात आणि हेल्मेट नसेल तर सुरक्षारक्षक गाडी आत सोडत नाही. जो इसम आत कुत्र्याच्या पिल्लालाही वाट देतो, तोच बाहेर पडल्यावर गरोदर बाईला कट मारून जातो. गाडी तीच, रस्त्याचे डांबरही बहुधा तेच. फरक इतकाच की बाहेर कुणी आयकार्डाचा नंबर लिहून घेत नाही.

आता पादचाऱ्यांसाठी.

कायदा तुमच्या बाजूने आहे, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे अपेक्षा राहणार नाही. २०१७ च्या मोटार वाहन चालनविषयक नियमांनुसार सिग्नल नसलेल्या झेब्र्यावर वाहनचालकाने वेग कमी करून, वेळ पडल्यास थांबून, पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते. झेब्रा ही चीज १९५१ साली इंग्लंडात, स्लाऊ नावाच्या गावात, प्रथम रीतसर वापरात आली. तिथे पट्ट्यावर पाय ठेवला की मोटारी थांबतात असे जाऊन आलेले सांगतात. आपल्याकडे पट्ट्याचा उपयोग दुचाकीचे पुढचे चाक कुठवर आणायचे हे ठरवण्यासाठी होतो. पट्टा संपतो तिथे चाक.

थोडे गणित. माणूस रस्ता ओलांडताना सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो, असे वाहतूक अभियंते धरतात. म्हणजे २४ मीटर रुंदीच्या रस्त्याला २० सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटरने येणारी मोटार तेवढ्या वेळात ३३३ मीटर कापते. तेव्हा निर्धास्त ओलांडायचे तर उजव्या हाताला ३३३ मीटर रस्ता मोकळा हवा. असा रस्ता खराडीत २०२० च्या लॉकडाउनमध्ये होता, पण तेव्हा बाहेर पडायला बंदी होती.

म्हणून हात दाखवण्याची कला शिकावी. तळवा छातीच्या उंचीवर, बोटे किंचित विलग, चेहऱ्यावर विनंती आणि कोपरात जरब. चालकाकडे बघावे की न बघावे, यावर दोन मते आहेत. बघितले तर तो समजतो, याने मला पाहिले आहे, आता हाच थांबेल. न बघितले तर तो समजतो, हा मरायलाच निघाला आहे, आणि चरफडत ब्रेक मारतो. अनुभवी मंडळी दुसऱ्या मताची आहेत. ज्याला हात जमत नाही त्याने एखाद्या आजींच्या डाव्या अंगाला राहून पलीकडे जावे. आजी हळू चालतात, पण त्यांच्यासाठी टँकरही थांबलेला पाहिला आहे. वर त्यांची पिशवी धरल्यास पुण्य लागते.

‘आधी उजवीकडे बघा, मग डावीकडे’ हे शाळेतले शिक्षण अपुरे आहे. उजवीकडून कायदेशीर वाहतूक येते. डावीकडून राँग साइडवाला येतो. त्याची गाडी बॅटरीवरची असेल तर आवाजही येत नाही, फक्त जेवणाच्या डब्याचा वास येतो. मागून, म्हणजे पदपथावरून, ज्याला सिग्नलला थांबायचे नाही तो येतो. वरून काही येत नाही, मात्र खाली बघत चालावे. ड्रेनेजची झाकणे रस्त्याच्या पातळीत असतीलच असे नाही.

पदपथाबद्दल. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था म्हणते, चालायला किमान १.८ मीटर रुंद मोकळी जागा हवी आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको. हे माप पाठ करावे, कारण पाहायला मिळण्याचा योग कमी. विजेचा डीपी, वाढदिवसाचा फ्लेक्स, चहाची टपरी, टपरीपुढे लावलेल्या दुचाकी, दुचाकींना टेकून उभी असलेली टीम मीटिंग, असे सगळे वजा केल्यावर जे उरते त्यावर एक पाय मावतो. टपरीवाल्याला बोल लावू नये. एवढ्या टॉवरांत दहा रुपयांचा चहा मिळायची सोय कुणी नकाशात काढलीच नव्हती. पुणे महापालिकेने पादचारी धोरण २०१६ सालीच मंजूर केले आहे आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा पदपथ हा घटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याचा, हक्क असल्याचे सांगितले. शिवाय ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो. पितरांना वर्षातून पंधरवडा मिळतो, पादचाऱ्यांना एक दिवस. एका गटातून दुसऱ्या गटात बदली व्हायला फार वेळ लागत नाही, हे लक्षात घेता वाटणी ठीकच म्हणायची.

नगर रस्ता हा वेगळा विषय आहे आणि त्यासाठी पोटात काहीतरी असावे. या रस्त्यावर २०१६ साली बीआरटी सुरू झाली. बस रस्त्याच्या मधोमध धावणार, थांबेही मधोमध. म्हणजे बस पकडायला आधी भर वाहतूक ओलांडायची आणि उतरल्यावर पुन्हा ओलांडायची. लोक कसेबसे शिकले, तोवर मार्ग टप्प्याटप्प्याने उखडून टाकला. आता रामवाडीपर्यंत मार्च २०२४ पासून मेट्रो आहे, आणि तिथून पुढे वाघोलीकडे न्यायला केंद्राने २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. पूर्ण होईपर्यंत खांबांची खोदाई, पत्र्यांची कुंपणे आणि त्यांच्या फटीतून अचानक प्रकट होणारे सहप्रवासी यांची सवय ठेवावी.

दुचाकीस्वारांसाठी. राँग साइड हा गुन्हा आहे हे सर्वांना मान्य आहे, म्हणूनच तो करताना दिवा लावतात, कडेने जातात आणि समोरून येणाऱ्याकडे ‘तुम्हीच सांभाळा’ अशा नजरेने बघतात. यात एक खरी अडचणही आहे, ती गंभीरपणे नोंदवतो. वाहतूक वाहती राहावी म्हणून दुभाजकातली तोंडे बंद करतात, उजवे वळण काढून टाकतात आणि यू-टर्न लांब नेऊन ठेवतात. समोर दिसणाऱ्या गल्लीसाठी बायपास चौकाच्या कोंडीत जाऊन परत यायचे, हे नऊ वाजता कुणाला पटत नाही. मोटारी किती जोरात निघाल्या याचे मोजमाप होते. पायी माणसाला किती वळसा पडला याचे होत नाही. रस्ता असा आखला की नियम पाळणारा बावळट ठरतो. तरीही राँग साइडने येणारा माझ्या अंगावर आला की हे सारे समाजशास्त्र मी विसरतो.

हेल्मेट. २०१९ च्या जानेवारीत सक्ती झाली तेव्हा तिच्या विरोधात पुण्यात कृती समिती रस्त्यावर उतरली होती. इथल्या डोक्याला स्वतंत्र मत असते. खराडीने मधला मार्ग काढला आहे. हेल्मेट बायपासपासून कोपरात अडकवावे आणि फाटकाच्या अलीकडे डोक्यावर चढवावे. त्यामुळे प्रवासभर कोपर सुरक्षित राहते.

मोटारवाल्यांना फारसे सांगण्यासारखे नाही. ते कोंडीतच असतात. हॉर्न वाजवल्याने पुढचा काँक्रीट मिक्सर विरघळत नाही, एवढे कळले तरी पुरे. रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास दहा हजार रुपये दंडाची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत आहे. तिच्या मागे शेपटासारखे लागून सुटणाऱ्यांना मात्र कायदा अजून गाठू शकलेला नाही.

पालकांसाठी एक कलम. सोळा ते अठरा वयात परवाना मिळतो, पण ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचा. अशी पेट्रोलची नवी स्कूटर शोरूममध्ये मागून पाहावी. विक्रेता चहा पाजून परत पाठवेल. तेव्हा बारावीला चांगले गुण पडले म्हणून मोठी गाडी देणाऱ्याने हेही वाचावे: अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

इथे विनोद थोडा वेळ बाजूला ठेवतो. १९ मे २०२४ च्या पहाटे जवळच्याच कल्याणीनगरात एका अल्पवयीनाने चालवलेल्या पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांना मारले, आणि जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध होता. पुढे लोक खवळले आणि मुलाला निरीक्षणगृहात पाठवले गेले. त्याच वर्षी डिसेंबरात वाघोलीच्या केसनंद फाट्याला डंपर पदपथावर झोपलेल्या माणसांवर चढला. तिघे गेले, त्यांत दोन तान्ही मुले. झोपलेल्या माणसाने हात कसा दाखवायचा, याची पद्धत या मार्गदर्शनात नाही. अपघात दिसला तर मात्र मोबाइल काढावा तो १०८ लावायला. मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागू नये, याची सोय कायद्यात कलम १३४ अ ने केलेली आहे.

एवढे करून तुम्ही फाटकाशी पोहोचलात की कार्ड मशिनला लावावे. आत शिरताच शिट्टी वाजेल. घाबरू नये. तुम्ही पट्टे सोडून तिरके चाललात म्हणून सुरक्षारक्षक नम्रपणे म्हणेल, ‘सर, झेब्र्यावरून या.’ यावे. समोर एकही गाडी नसली तरी यावे. संध्याकाळी परतताना हेल्मेट फाटक ओलांडून वीस पावले गेल्यावरच काढावे. त्याआधी काढल्यास मॅनेजरला मेल जातो.