न दिसणाऱ्या दुकानाचा पत्ता

घरच्या घरी बिअर, वाईन किंवा मधापासूनची मीड करणाऱ्या हौशी मंडळींना लागणारे माल्ट, हॉप्स, यीस्ट, नळ्या, बुचे आणि या सर्वांवर फुकटचा सल्ला जिथे एकाच छताखाली मिळतो, त्या दुकानाला पाश्चात्त्य देशांत 'होमब्रू शॉप' म्हणतात आणि शिकागो किंवा लंडनसारख्या शहरात ते शिवणयंत्राच्या सुट्या भागांच्या दुकानाइतकेच निरुपद्रवी मानले जाते. प्रस्तुत विवेचनाचा विषय मुंबईतील असे दुकान हा आहे. तशी पाटी मुंबईच्या रस्त्यावर सहसा दिसत नाही, ही अडचण विवेचनाच्या आड येण्याचे काही कारण नाही. याहून क्षीण पुराव्यावर मराठीत प्रबंध लिहिले गेले आहेत आणि त्यांना पदव्याही मिळाल्या आहेत.

पाटी न दिसण्याचे कारण मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ या कायद्यात सापडते. आज त्याच्या नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आला आहे, दारूबंदी मात्र तशीच आहे. म्हणजे ज्या राज्याच्या तिजोरीला मद्यावरील उत्पादन शुल्काचा भक्कम टेकू आहे, ते राज्य कायद्याच्या शीर्षकापुरते अजून दारू पीत नाही. या कायद्यानुसार मद्यपान हा अपवाद असून त्यासाठी परवाना लागतो, हा परवाना नागरिकाच्या प्रकृतीचे जतन व्हावे म्हणून दिला जातो आणि तो एक दिवसाचाही मिळतो, आजीवनही मिळतो. वयाची अट बिअरला एकवीस आणि कडक मद्याला पंचवीस वर्षे अशी असल्यामुळे मधल्या चार वर्षांत तरुणाची प्रकृती केवळ बिअरनेच जतन होते, हे वैद्यकशास्त्राने अद्याप पुरेसे तपासलेले नाही.

तथापि पिण्याची सवलत म्हणजे करण्याची सवलत नव्हे. कलम ६५ अन्वये परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि स्वतःपुरती, पाहुण्यांपुरती किंवा गटारीपुरती बिअर करणाऱ्या गृहस्थासाठी त्यात वेगळी वाट ठेवलेली नाही. याच कलमातील एक पोटकलम त्याहून सूक्ष्म आहे: ताडी सोडून अन्य कोणतेही मादक द्रव्य तयार करण्याच्या हेतूने साहित्य, भांडी, अवजारे किंवा उपकरणे बाळगणे हाही गुन्हाच ठरतो. येथे वजन 'हेतूने' या शब्दावर आहे. वीस लिटरचा टोप हा टोपच असतो. त्यात सत्यनारायणाचा शिरा होणार की बिअर, हे टोपाला ठाऊक नसते, आणि म्हणून कायद्याला टोप घेणाऱ्याच्या मनात डोकवावे लागते.

मुंबईचा दुकानदार हेच काम कोणत्याही अधिसूचनेवाचून पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. 'कशाला पाहिजे?' हा त्याचा पहिला प्रश्न असतो. भाव नंतर, बिल सर्वांत शेवटी आणि तेही मागितले तर. एरवी हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा असतो, पण होमब्रूच्या गिऱ्हाइकाला विचारला की तो कलम ६५ च्या चौकशीचे रूप धारण करतो आणि त्यामुळे मुंबईत घरगुती बिअरचा पहिला घटक माल्ट नसून थाप हा ठरतो. पाण्याचे रसायन, तापमान आणि स्वच्छता यांवर पाश्चात्त्य मार्गदर्शक ग्रंथांत प्रकरणेच्या प्रकरणे असतात; थाप कशी मारावी यावर एकही नाही, यावरून ते ग्रंथ भुलेश्वरच्या बाजारासाठी लिहिलेले नाहीत हे उघड होते.

माल्टपासून सुरुवात करणे शास्त्रोक्त ठरेल. धान्याला मोड आणून, योग्य वेळी ते वाळवून मोडाची वाढ थांबवली की धान्यात स्टार्चचे साखरेत रूपांतर करणारी विकरे तयार राहतात. असे मोड आणून वाळवलेले सातू म्हणजे बिअरचे माल्ट. ही प्रक्रिया महाराष्ट्रातील प्रत्येक आजीला अवगत आहे, कारण तान्ह्या बाळासाठी नाचणीचे सत्त्व ती याच रीतीने करते. तेव्हा माल्ट करण्याचे ज्ञान घरोघरी आहे, फरक इतकाच की आजीचा हेतू नातवाच्या वाट्यापाशी थांबतो.

हे माल्ट पुढे भरडावे लागते, आणि इथे पिठाच्या गिरणीशी गाठ पडते. दळणे आणि भरडणे यांतला भेद गिरणीवाल्याला शिकवावा लागत नाही, मात्र सातूची टरफले शाबूत ठेवून आतला दाणाच तेवढा फोडायचा, कारण पुढे गरम पाण्यात माल्ट भिजवून गोड रस गाळताना तीच टरफले चाळणीचे काम करतात, ही मागणी त्याला गिऱ्हाइकाच्या मनःस्थितीविषयी शंका येण्याइतकी चमत्कारिक वाटते. शिवाय गिरणीचे स्वतःचे धर्मशास्त्र असते. गव्हानंतर काय, बेसनाआधी काय आणि उपवासाचे दळण कोणत्या वारी, याचा क्रम ठरलेला असून राजगिऱ्याच्या पाठोपाठ पाच किलो सातूची भरड करण्यास गिरणीवाला तयार होतो तो 'मधुमेहावर वैद्यांनी सांगितले आहे' या एकाच वाक्याने. मुंबईतील मधुमेहाच्या प्रसाराविषयीच्या प्रचलित समजुतींत होमब्रू करणाऱ्यांचा वाटा किती, हा संशोधनाचा स्वतंत्र विषय आहे.

उपकरणांची कथा अधिक बोधक आहे. हायड्रोमीटर म्हणजे द्रवात तरंगणारी, दांडीवर आकडे असलेली काचेची नळी. द्रव पाण्याच्या किती पट जड आहे हे ती दाखवते आणि आंबण्यापूर्वीचा व नंतरचा आकडा ताडून पाहिला की साखरेचे मद्य किती झाले ते कळते. सर्वसाधारण बिअरचा रस आंबण्यापूर्वी १.०४० ते १.०६० च्या दरम्यान असतो. डेअरीच्या साहित्याच्या दुकानात हायड्रोमीटर मागितला की लॅक्टोमीटर हाती येतो, आणि दुधातले पाणी पकडण्यासाठी जन्मलेल्या त्या नळीचे आकडे साधारण १.०४० ला संपतात. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात बॅटरीतले आम्ल मोजणारा हायड्रोमीटर मिळतो, पण त्याचे आकडे १.१०० च्या आसपास सुरू होतात. या महानगराने दुधातील लबाडी आणि बॅटरीतील आम्ल अचूक मोजण्याची सोय गल्लोगल्ली केली आहे. या दोहोंच्या मधला जो प्रदेश आहे, ज्यात जगातली बहुतेक बिअर जन्म घेते, तो नकाशावर कोराच सोडला आहे. प्रिन्सेस स्ट्रीटच्या प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानांत मधली नळीही मिळते, परंतु तिथे 'कोणते कॉलेज?' असा प्रश्न येतो आणि पन्नाशीच्या गृहस्थाला ऐन वेळी कॉलेजचे नाव सुचत नाही.

उरलेल्या वस्तूंसाठी फार शब्द खर्चण्याचे कारण नाही. टोप केटरिंगच्या भांड्यांच्या गल्लीत मिळतो, आंबवण्यासाठी पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार चालतो. आतला वायू बाहेर जावा पण बाहेरची हवा आत येऊ नये यासाठी सलाईनची नळी पाण्याच्या बाटलीत सोडली की भागते, आणि ती नळी देताना औषधाच्या दुकानातला मुलगा सहानुभूतीने घरच्या आजाऱ्याची चौकशी करतो. बहुसंख्य यीस्टला वीस अंशांच्या आसपासचे तापमान मानवते, जे मुंबईत फक्त बँकांच्या वातानुकूलित दालनांत आढळते; म्हणून जुना फ्रिज आणि त्याला जोडायचा तापमान-नियंत्रक लॅमिंग्टन रोडवरून आणावा लागतो. यीस्टची पुडी टपालाने येते. बेकरीचे यीस्ट वापरून पाहणाऱ्याला पावाच्या वासाची बिअर मिळते, जी इराण्याकडच्या ब्रूनमस्क्याबरोबर कदाचित खपलीही असती.

खरा पेच हॉप्सचा. हॉप्स म्हणजे एका वेलीची शंकूच्या आकाराची फुले. बिअरचा कडवटपणा, सुगंध आणि काही अंशी टिकाऊपणा त्यांच्यामुळे येतो. हिमाचल प्रदेशातील लाहौलच्या खोऱ्यात ही वेल लावली जाते, परंतु लाहौल आणि लालबाग यांच्यामध्ये किरकोळ व्यापाराचा पूल नाही. पुण्यात २००९ मध्ये डूलाली हे सूक्ष्म मद्यनिर्मितीगृह, म्हणजे गिऱ्हाइकासमोरच बिअर बनवून विकणारे उपाहारगृह, सुरू झाले आणि पाठोपाठ महाराष्ट्रात अशी गृहे वाढत गेली. तिथे हॉप्स असतात, पंचवीस किलोच्या पोत्यांत माल्टही असते आणि परवान्याच्या काचेच्या चौकटीमागे सर्व काही राजरोस चालते. हौशी माणसाला मात्र तिथून मूठभर हॉप्स मिळवायचे तर 'ओळख' लागते. ओळख ही महाराष्ट्रातील सर्वांत जुनी वितरणव्यवस्था असून रेल्वेचे आरक्षण, शाळेचा प्रवेश आणि हॉप्स या तिन्ही गोष्टी तिच्यामार्फतच मिळतात.

येथवर आलेल्या अभ्यासकाला एका दुकानाची आठवण राहून राहून व्हावी, ते म्हणजे काष्ठौषधींचे दुकान. आयुर्वेदातील आसवे आणि अरिष्टे, उदाहरणार्थ द्राक्षासव किंवा दशमूलारिष्ट, ही आंबवूनच तयार होतात. गूळ वा मध, द्राक्षे किंवा काढा आणि आंबण्यास चालना देणारी धायटीची फुले एका भांड्यात बंद करून ठेवली की मद्यार्क आपोआप तयार होतो, आणि बाटलीवरील चिठ्ठी तो 'स्वयंजनित' असल्याचे नम्रपणे नमूद करते. बिअरमधला मद्यार्कही स्वयंजनितच असतो, पण त्याला असा नम्रपणा कोणी शिकवलेला नाही. मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा या १९५१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदीचा कायदा बव्हंशी उचलून धरला, मात्र मद्यार्कयुक्त औषधे आणि प्रसाधने यांच्या वापरावर टाच आणणाऱ्या तरतुदी अवैध ठरवल्या. तेव्हा धायटीची फुले, मनुका, गूळ आणि चिनी मातीची बरणी एकाच फेरीत देणारे आणि खोकल्यावरचा सल्लाही जोडून देणारे हे दुकान होमब्रू शॉपची व्याख्या जवळजवळ पूर्ण करते, तिथेही 'कशाला?' हा प्रश्न होतोच, पण त्याचे उत्तर 'अशक्तपणा' हे असल्याने कोणालाच खोटे बोलावे लागत नाही.

हा सारा दांभिकपणा केवळ देशी आहे असे समजणे अभिमानाचे असले तरी खरे नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात राष्ट्रव्यापी दारूबंदी होती आणि त्या काळात बडे बिअर कारखाने माल्टच्या पाकाचे डबे विकून तगले. डब्यावर पाव-बिस्किटांचा उल्लेख असे आणि पाकात हॉप्स मिसळलेले असत. इतक्या कडवट पावाची गोडी एका संपूर्ण राष्ट्राला कशी लागली, हे त्या काळात विचारायचे नसे. अॅनहायझर-बुश ही अशा डब्यांच्या विक्रेत्यांतली एक मातबर कंपनी. दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाईनला मोकळीक मिळाली आणि घरगुती बिअर मागे राहिली; ती चूक जिमी कार्टर यांच्या सहीने १९७८ मध्ये दुरुस्त झाली आणि एका प्रौढाला वर्षाला शंभर गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर, करमुक्त बिअर घरी करण्याची मुभा मिळाली, तरी मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी विचार करायला २०१३ साल उजाडू दिले. या मोकळिकीतून गावोगावची होमब्रू दुकाने फोफावली. त्यांतील मिनेसोटाच्या नॉर्दर्न ब्रुअर या नामांकित दुकानाला २०१६ मध्ये अॅनहायझर-बुशची वारस असलेल्या एबी इन्बेव्हच्या उपशाखेने विकत घेतले. मोठ्या कारखान्याची बिअर नको म्हणून ज्या दुकानात लोक जात, तेच त्या कारखान्याचे झाले. कंपनीच्या बाजूने पाहता पाकाचे डबे विकणाऱ्या घराण्याला आपले जुने गिऱ्हाईक परत मिळाले, इतकेच.

मुंबईच्या दारूबंदीनेही आपले उद्योजक घडवले. पन्नाशीच्या दशकात वांद्रे, धोबीतलाव अशा भागांत घराच्या पुढच्या खोलीत उकडलेली अंडी आणि चण्यांसह दारू देणाऱ्या 'आंट्या' ही त्या धोरणाची ठळक निष्पत्ती होती. आज वर्तमानपत्रांत 'गावठी दारूच्या अड्ड्यावर छापा, इतके लिटर रसायन नष्ट' अशी बातमी येते, तेव्हा रसायन म्हणजे आंबवलेला गुळाचा घोळ हे वाचकाला सांगावे लागत नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून अधिक माणसे दगावली ती मिथेनॉल या औद्योगिक विषामुळे. त्या प्रसंगाशी विनोदाचा काही संबंध नाही, आणि टोपात सातूचा रस उकळणाऱ्या गृहस्थाचाही नाही. सातू आंबवून मिथेनॉलची अशी प्राणघातक मात्रा तयार होत नाही. पण कलम ६५ च्या लेखी विष विकणारा आणि छंद जोपासणारा एकाच रांगेत उभे राहतात, आणि रांगेत छंदवाला लवकर सापडतो, कारण तो पळत नाही, उलट नुसखा समजावून सांगू लागतो.

कॅलिफोर्नियात दहा वर्षे काढून ठाण्या-पुण्याकडे परतलेल्या मराठी अभियंत्याला यातले काहीच ठाऊक नसते. तिकडे शनिवारी सकाळी गाडी काढून तासाभरात सर्व सामान घेऊन येण्याची सवय झालेली असते, आणि इकडे तोच शनिवार भुलेश्वर, प्रिन्सेस स्ट्रीट, लॅमिंग्टन रोड आणि गिरणी या क्रमाने सरतो. संध्याकाळी त्याच्या पदरी एक टोप, दोन चुकीच्या नळ्या आणि मधुमेहाविषयीचे बरेच मार्गदर्शन पडलेले असते. अशा अभियंत्यांतला एखादा उत्साही गृहस्थ हे सारे एका गाळ्यात आणून विकावे असा बेत करतो. मग वकील त्याला समजावतो, की सुटे विकले तर तो किराणा, भांडी आणि काचसामान यांचा व्यापार आहे, पण एकत्र मांडून वर 'होमब्रू' अशी पाटी लावली तर ती पाटी हेतूचा लेखी पुरावा ठरण्याची भीती आहे.

म्हणून या वस्तू मुंबईत एका छताखाली येण्याचा एकच खात्रीचा मार्ग उरतो, तो म्हणजे छापा. पंचांसमक्ष टोप, जार, सलाईनची नळी, हायड्रोमीटर, तापमान-नियंत्रकासह फ्रिज, सातूची भरड आणि हॉप्सची पुडी एका ओळीत मांडली जातात, प्रत्येकीला चिठ्ठी लागते, पंचनाम्यात प्रत्येकीपुढे अंदाजे किंमत लिहिली जाते आणि सर्व माल पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत जमा होतो. मांडणी, दरपत्रक आणि चोवीस तास पहारा या तिन्ही बाबतींत ती खोली कोणत्याही पाश्चात्त्य होमब्रू शॉपच्या तोडीची असते. फक्त तिथला माल न्यायालयाच्या आदेशाशिवाय मिळत नाही आणि यीस्ट तोवर मेलेले असते.