नव्वद गुण? नापास!

वर्गात तिसऱ्या आलेल्या मुलाला चौथ्या, पाचव्या आणि सहाव्याबरोबर पुन्हा परीक्षेला बसवायचे आणि त्यात जो टिकेल त्यालाच वरच्या वर्गात ढकलायचे, असा फतवा एखाद्या शाळेने काढला तर दुसऱ्याच दिवशी फाटकावर पालकांचा मोर्चा येईल. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये असाच फतवा 1987 पासून लागू आहे आणि तिथले पालक दर मे महिन्यात पैसे मोजून ही फेरपरीक्षा बघायला वेम्बलीवर जातात.

दुसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे चॅम्पियनशिपच्या, गुणतक्त्यात पहिले दोन आलेले संघ मुकाट्याने प्रीमियर लीगमध्ये जातात. उरलेल्या एका जागेसाठी पुढचे चौघे ‘प्ले-ऑफ’ खेळत आले आहेत. 46 सामने, दहा महिन्यांची तंगडतोड, आणि निकाल एका दुपारचा! बक्षीस मात्र दणदणीत. 2025 च्या अंतिम सामन्याचे मोल डेलॉइट या संस्थेने किमान 20 कोटी पौंड ठरवले होते. रुपयांत सांगायचे तर तेव्हाच्या भावाने सुमारे 2,300 कोटी.

या व्यवस्थेचा चालताबोलता ज्ञानकोश म्हणजे संडरलँड. प्ले-ऑफने करता येतील तेवढे सगळे प्रयोग याच एका क्लबवर करून पाहिले आहेत.

पहिली दोन वर्षे खालून वर येण्याबरोबर वरून खाली जाण्याचाही निर्णय प्ले-ऑफमध्ये व्हायचा. पहिल्याच वर्षी संडरलँडची गाठ पडली खालच्या श्रेणीतल्या जिलिंगहॅमशी. दोन सामने मिळून 6-6 अशी बरोबरी झाली. मग जिलिंगहॅमने परक्या मैदानावर जास्त गोल केले म्हणून त्यांचे पारडे जड ठरले आणि संडरलँड इतिहासात प्रथमच तिसऱ्या श्रेणीत गेले. हरले नाहीत, तरी बुडाले.

1990 मध्ये उलटे झाले. सहाव्या आलेल्या संडरलँडने उपांत्य फेरीत तिसऱ्या आलेल्या शेजारी न्यूकॅसलला घरी बसवले. अंतिम सामन्यात स्विंडनने त्यांना 1-0 असे हरवले. पण स्विंडनने खेळाडूंना टेबलाखालून पैसे दिल्याचे सिद्ध झाले, त्यांची बढती रद्द झाली आणि वर गेले ते हरलेले संडरलँड! तिसऱ्या न्यूकॅसलने हे सगळे बघत बसायचे. पुढच्याच वर्षी संडरलँड पुन्हा खाली आले, म्हणजे न्याय तसा झालाच. फक्त न्यूकॅसलला त्याचा काही उपयोग नव्हता.

1998 मध्ये संडरलँडने रीतसर अभ्यास केला आणि 90 गुण मिळवून तिसरा क्रमांक पटकावला. अंतिम सामना 88 गुणांच्या चार्लटनशी 4-4 असा सुटला. चार्लटनसाठी तीन गोल ठोकणारा क्लाइव्ह मेंडोन्का संडरलँड शहरातच वाढलेला. घरभेदी म्हणावे तर त्याने आपले काम चोख केले. शूटआउटमध्ये मायकेल ग्रेची पेनल्टी अडली आणि 7-6 असा निकाल लागला. नव्वद गुणवाले नापास.

हा एखादा अपघात असता तर सोडून देता आले असते. 2024 मध्ये लीड्सने नेमके 90 गुण मिळवले, तेही तिसरे आले आणि 87 गुणांच्या साउदॅम्प्टनकडून अंतिम सामना हरले. साउदॅम्प्टनने मग प्रीमियर लीगमध्ये 38 सामन्यांत 12 गुण कमावून या निवडीचे सार्थक केले.

आता 2025. शेफिल्ड युनायटेडने मैदानात 92 गुण मिळवले होते. इतर क्लबांची देणी वेळेवर न दिल्याबद्दल दोन कापले गेले आणि उरले किती? नव्वद! क्रमांक अर्थातच तिसरा. अंतिम सामन्यात समोर 76 गुणांचे संडरलँड, साखळीतले शेवटचे पाच सामने ओळीने हरून आलेले. शेफिल्डने आधी एक गोल केला, मग दुसराही केला. तो व्हिडिओ पंचांच्या सांगण्यावरून ऑफसाइडच्या कारणाने रद्द ठरला. ज्या पंचांचे साखळीतल्या 46 सामन्यांत नखही दिसत नाही, ते उपांत्य फेरीचे दोन सामनेही संपल्यावर नेमके अंतिम सामन्याला हजर होतात. नंतर संडरलँडने बरोबरी साधली आणि भरपाई वेळेच्या पाचव्या मिनिटाला टॉम वॉटसनने विजयी गोल केला. या मुलाची ब्रायटनला बदली आधीच ठरली होती. क्लबला वर चढवून त्याने शिडी तिथेच सोडली.

संडरलँडला सत्तावीस वर्षांनी 1998 ची वसुली मिळाली. देणे चार्लटनचे होते, भरले शेफिल्डने. प्ले-ऑफच्या पेढीत खतावणी अशीच लिहितात.

पुणेकरांना हे दूरचे वाटायचे कारण नाही. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब 2010 पासून पुण्याच्या व्यंकीज उद्योगसमूहाच्या मालकीचा आहे. 2012 मध्ये तो प्रीमियर लीगमधून खाली घसरला, त्या रात्री कोणा चाहत्याने क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. मालकांच्या कुक्कुटपालनाच्या व्यवसायाला इतकी झोंबणारी दाद अन्यत्र मिळाली नसेल. 2023 मध्ये ब्लॅकबर्नने 69 गुण मिळवले, संडरलँडनेही 69. गोलफरकावर संडरलँड सहावे आणि ब्लॅकबर्न सातवे. म्हणजे पुण्याच्या पैशाला फेरपरीक्षेत नापास होण्याचा मानही मिळाला नाही.

शेफिल्ड युनायटेडला तो मान आजवर दहा वेळा मिळाला आहे. दहा वेळा प्ले-ऑफ, बढती शून्य. दहाव्यांदा हरल्यावर संचालकांनी मूळ दोष शोधून काढला: नव्वद गुण मिळवून देणारे व्यवस्थापक ख्रिस वाइल्डर. जूनमध्ये त्यांना निरोप दिला आणि रुबेन सेलेस यांना आणले. नव्या हंगामात संघ साखळीतले पहिले पाचही सामने हरला. सप्टेंबरमध्ये सेलेस गेले आणि त्यांच्या जागी, भरपूर विचारविनिमयानंतर, ख्रिस वाइल्डर यांची नेमणूक झाली.