जोखीम कुणाची?

मेळघाटातल्या धारणीत पीककर्ज मागायला गेलं की आधी सातबारा, आठ-अ, मग इतर बँकांचे नो-ड्यूज, वरून सिबिल. दोन एकर सोयाबीनवाल्या कोरकू शेतकऱ्याची अशी झडती, की तिथले वाघही एवढ्या बारकाईनं मोजत नसतील. जोखीम पाहावी लागते ना, साहेब! तिकडे मुंबईत पीएमसी बँकेनं सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एकट्या एचडीआयएल या बिल्डर समूहाला वाटलं. ते झाकायला २१,०४९ बनावट खाती. एकाच कर्जदाराला किती द्यायचं, याची रिझर्व्ह बँकेची मर्यादा होतीच म्हणे. २०१९ मध्ये बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांना सुरुवातीला काढता आले हजार रुपये, तेही सहा महिन्यांत मिळून. त्या बनावट खात्यांना नो-ड्यूज मागितलं होतं काय? आमचा शेतकरी मात्र पुन्हा रांगेत. झेरॉक्सवर शिक्का पुसट आला.