डाव्या कुशीचे कार्यकारी अभियंता

नाना डाव्या कुशीवर झोपतात, ही माहिती आमच्या सोसायटीत सेक्रेटरीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना आहे. ती कुणी चोरून मिळवलेली नाही, नानांनीच घरपोच दिलेली आहे. लिफ्टमध्ये चौथा मजला येईपर्यंत जेवढा वेळ मिळतो, तेवढ्यात ते आपली कूस सांगून समोरच्याची विचारून घेतात. बायकांना विचारत नाहीत. त्यांच्या नवऱ्यांची विचारतात.

नाना पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. नोकरीभर पाणी अडवलं आणि गळती शोधली. घोरणं आधीपासूनच होतं, पण त्याबद्दल काकूंची तक्रार नव्हती. आवाज चालू असला की त्या निवांत झोपायच्या. आवाज थांबला की दचकून जाग्या व्हायच्या आणि नानांना कोपरानं ढोसायच्या. मग नाना एक मोठा आचका देऊन पुन्हा सुरू. शेवटी मुलीनं हट्टानं तपासणीला नेलं. रात्रभर अंगाला वायरी चिकटवून घेऊन नाना एका रुग्णालयात झोपले आणि सकाळी रिपोर्ट मिळाला: तासाला सरासरी ३४ वेळा श्वास अडतो. पाचाच्या आत असला की ठीक, तिसाच्या वर गेला की आजार तीव्र. दुसरा कुणी हबकला असता. नानांनी रिपोर्टाचं दुसरं पान उलटलं, तिथे कुशीवार तपशील होता. उताणं झोपल्यावर ५१, डाव्या कुशीवर १९.

"बघा," नाना डॉक्टरांना म्हणाले, "डावी बाजू मजबूत आहे."

यात शास्त्र आहे. उताणं झोपलं की जीभ आणि टाळ्याचा मऊ भाग मागे पडतो आणि हवेची वाट अडते. कुशीवर ती बरीच मोकळी राहते. म्हणून काही लोक बंडीच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवतात, म्हणजे उताणं होताच तो टोचतो आणि माणूस वळतो. ज्यांचा श्वास फक्त उताणं झोपल्यावरच अडतो, त्यांचं एवढ्यावर भागतंही. पण नानांचे कुशीवरचे १९सुद्धा काही सोडून देण्यासारखे नव्हते. डॉक्टरांनी सीपॅप लिहून दिला.

सीपॅप म्हणजे रात्रभर नाकातून ठरावीक दाबानं हवा सोडणारं यंत्र. ती हवा घसा आतून उघडा धरते. हे १९८०मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी शोधलं. त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली, रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन मास्क केला आणि गळती होऊ नये म्हणून तो सिलिकॉननं चक्क नाकाला चिकटवला. ही हकिकत नाना पुराणिकबुवांच्या भक्तिभावानं सांगतात आणि "चिकटवला" या शब्दावर थांबून ऐकणाऱ्याकडे बघतात. त्यांच्या मते मानवजातीनं तिथेच थांबायला हवं होतं.

कारण यंत्र हा प्रश्नच नव्हता. यंत्र मुकाट्यानं चालतं. प्रश्न मास्कचा, आणि त्यातही कुशीवर झोपणाऱ्याच्या मास्कचा.

पहिला मास्क घेऊन एक चुणचुणीत मुलगा घरी आला. त्यानं नानांना खुर्चीवर ताठ बसवलं, नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क चढवला, पट्टे आवळले, आरसा दाखवला आणि सही घेतली. रात्री नाना कुशीवर वळले. गाल उशीत रुतला, उशीनं मास्कची कड ढकलली, नाकाच्या मुळाशी फट पडली आणि हवेचा झोत सरळ डोळ्यात. नानांनी पट्टा एक घर आवळला. फट दुसरीकडे गेली. आणखी आवळला. पहाटे नाना आरशासमोर उभे राहिले, तेव्हा दोन्ही गालांवर पट्ट्यांचे वळ आणि नाकावर लाल पूल. नातवानं मास्क आणि पुढे लोंबणारी नळी पाहून हात जोडले आणि "आजोबा गणपती!" म्हणून आरती सुरू केली. शिवाय मास्कमधून बाहेर पडणारा उच्छ्वास थेट काकूंच्या कानात. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच नाना-काकूंनी पलंगाच्या बाजू बदलल्या. काकू अजूनही रात्री पाण्याला उठल्या की भिंतीच्या बाजूनं उतरायला जातात.

"खुर्चीवर माप घेतलं त्यानं," नाना आठवडाभर धुमसत होते. "मी काय खुर्चीवर झोपतो? धरणाची चाचणी कोरड्या तलावात करतात का?"

माझ्या मते या एका वाक्यासाठी नानांना पेन्शनमध्ये वाढ द्यायला हवी. मास्क बघायचा तो आडवं होऊन, आपल्याच उशीवर, आपल्या कुशीवर, यंत्र पूर्ण दाबावर चालू ठेवून. विकणाऱ्याला घाई असते आणि घेणाऱ्याला अनोळखी माणसासमोर दिवाणावर आडवं व्हायला लाज वाटते. त्यामुळे कित्येक यंत्रं महिन्याभरात माळ्यावर जातात, दिवाळीत खाली येतात आणि 'दोनदाच वापरलेले' म्हणून विकायला निघतात. नानांचं यंत्र माळ्यावर गेलं नाही. याचं कारण तब्येतीची काळजी नव्हे, अपमान. यंत्रावरचा दाब सेंटिमीटर पाण्यात मोजतात. नानांचा दाब होता १२.

"बारा सेंटिमीटर! अर्धी वीत पाणी!" नाना गच्चीवर सर्वांसमक्ष म्हणाले. "मी अख्खं धरण सांभाळलं, आणि अर्धी वीत पाण्याचा दाब मला नाकावर धरता येत नाही?"

मग जे सुरू झालं ते घराघरांत गाजलं. दुसरा मास्क नाकपुड्यांत दोन मऊ बोंडं बसवणारा. गालावर काही नाही, डोळे मोकळे, कूस खूश. पण झोपेत नानांचं तोंड उघडायचं आणि नाकातून गेलेली हवा फुस्सकन तोंडातून परत. त्यावर हनुवटी बांधणारा पट्टा आणला. तो लावून नाना बाल्कनीत उभे असताना समोरच्या इमारतीतून एक बाई अक्कलदाढेची चौकशी करायला आल्या. तिसरा मास्क नाकाखाली टेकणारा, नळी डोक्यावरून जोडलेली. याच्या पोकळ नळ्या दोन्ही गालांवरून जातात. कुशीखालची दबली तरी वरची हवा पोचवत राहते. कल्पना झकास. पण तो रात्रीतून मागे घसरून टाळूवर जायचा. नानांनी चौकटीचं माप बदललं, पट्टा बदलला, तरी तेच. शेवटी काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, डोक्याला आधी वाटीभर खोबरेल तेल थापायचं आणि मग रबर घसरतं म्हणायचं?"

नाना दोन दिवस काकूंशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तेल सकाळी लावू लागले.

आता उशी. सोसायटीबाहेरच्या गादीवाल्याकडे मी योगायोगानं हजर होतो. नानांनी पिशवीतून ट्रेसिंग पेपर काढून काउंटरवर पसरला. उशीचा प्लॅन, एलेव्हेशन आणि सेक्शन अ-अ. दोन्ही बाजूंना अर्धगोल खाचा, म्हणजे डोकं उशीवर आणि मास्क खाचेत, अधांतरी. अशा उशा तयार मिळतात. पण नानांना आत सावरीचा कापूसच हवा होता, आणि तोही वजन करून.

गादीवाल्यानं कागद सरळ धरला, उलटा धरला. "साहेब, ही उंदरानं खाल्ली तशीच परत करायची आहे का?"

"खाच नऊ सेंटिमीटर. टॉलरन्स अर्धा."

"दोन्ही बाजूला?"

"उजवी इमर्जन्सीसाठी."

गादीवाल्यानं मापं लिहून घेतली आणि नावाच्या जागी 'धरणवाले' लिहिलं. उशी उत्तम झाली हे मात्र सांगायला हवं. काकूंनी जुन्या मऊ नऊवारीच्या पट्ट्या कापून मास्कच्या पट्ट्यांना अभ्रे शिवले, त्यानं वळ गेले. कुशीवर वळताना नळी अंगाखाली सापडू नये म्हणून ती मच्छरदाणीच्या दांडीला टांगली.

पण मूळ गळती नानांनी स्वतः पकडली, आणि ती पट्टा आवळून नव्हे, सैल करून. एका पहाटे त्यांनी मला फोन केला. "अरे, धरणाच्या दरवाजाला रबर सील असतं. ते बसतं कशानं? पाण्याच्याच दाबानं! पाणी रबराला पोलादावर दाबतं. बोल्ट वाटेल तसे पिळले तर रबर चुरगळतं आणि तिथूनच गळतं." मास्कची सिलिकॉनची कडही हवेनं फुगते आणि मग चेहऱ्यावर बसते. आवळली की तिला फुगायला जागा उरत नाही. खात्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हे आपल्याच नाकावर कळायला पावसाळा उलटावा लागला, असं मी मनात म्हटलं. उघडपणे अभिनंदन केलं. त्या रात्री नानांची गळती मिनिटाला चार लिटर. त्यांच्या यंत्राला चोवीसपर्यंत चालते.

तेव्हापासून नाना तृप्त आहेत, आणि तृप्त माणूस इतरांना फार महागात पडतो. त्यांच्या खिशात आता शिंप्याची टेप असते. गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर असला की शंकेला जागा, असं ते कुठल्याशा प्रश्नावलीच्या आधारे सांगतात. व्याख्यानात कुणी पेंगलं की नाना व्याख्यात्याला सोडून पेंगणाऱ्याच्या गळ्याकडे बघत बसतात.

परवा सांगलीला नानांच्या पुतणीचं लग्न होतं. आदल्या रात्री कार्यालयातल्या हॉलमध्ये आम्ही पुरुषमंडळी ओळीनं गाद्यांवर. नानांनी एक्स्टेंशन बोर्ड, यंत्र, खाचेची उशी अशी मांडामांड केली, डाव्या कुशीवर वळले आणि गपगार झोपले. उरलेल्यांनी रात्रभर छप्पर हलवलं. मुलीच्या मामांचा आवाज त्यांत उठून दिसत होता. वर सकाळी चहाच्या वेळी मामाच सर्वांना सांगत होते, "त्या यंत्राच्या घरघरीनं डोळ्याला डोळा लागला नाही हो!"

नाना काही बोलले नाहीत. फक्त टेप काढली. मामांनी आधी हसून गळा पुढे केला. बेचाळीस आला. मग मामा हळू आवाजात म्हणाले की दुपारी गाडी चालवताना हल्ली डोळा लागतो आणि सकाळी डोकं जड असतं. नानांचा चेहरा उजळला. त्यांनी हॉलचं दार लोटलं, मामांचा फेटा उतरवून खुंटीला अडकवला आणि त्यांना आपल्या उशीवर आडवं केलं. डॉक्टरांकडे जाण्याआधी घरची मापं तयार हवीत. नाकाची रुंदी, गाल उशीत किती रुततो, मास्कला खाचेत किती जागा उरते, सगळं वहीत.

खाली गुरुजींनी माइक हातात घेतला होता. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." थोड्या वेळानं, "मामा कुठे आहेत?" मग मामी जिन्यावरून हाका मारत वर आल्या. मामा उठू लागले, तसा नानांनी त्यांचा खांदा दाबून धरला.

"हलू नका. अजून उजवी कूस राहिलीय."